तिसरी हाक

आम्ही दोघी बहिणी घरीच प्रुफं तपासतो. धाकटी पहिल्या पानापासून सुरुवात करते, मी शेवटच्या पानापासून उलटी, ओळीमागून ओळ वर चढत. उलटं वाचलं की गोष्टीत जीव गुंतत नाही आणि चुका बरोबर सापडतात. मध्यावर भेटलो की गठ्ठे बदलायचे, हा आमचा बावीस वर्षांचा नेम. या खेपेला छापखान्याने इतकी घाई लावली की बदलाबदली राहूनच गेली.

कादंबरी झोपेवरची होती. धाकटी पहिल्याच दिवशी तिच्यात बुडाली. चहा घेताना म्हणाली, "ताई, यात एक घर आहे. तिथे झोप लागली की माणूस आतच अडकतो. मग घरच्या माणसाने..."

"गोष्ट सांगू नकोस गं," मी तिला मध्येच अडवलं. "कामाचं बघ."

तिने तोंड वाकडं केलं. तिला वाक्य पुरं करू दिलं असतं तर माझं काय जात होतं!

चाळिसाव्या पानाला ती पेंगायला लागली. नव्वदाव्याला हातात पेन्सिल तशीच धरून झोपली, सकाळी अकरा वाजता. "अफू खाल्लीस की काय?" मी खेकसले. "सोडवत नाही गं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाचू लागली.

काल दुपारी तिने तिचं शेवटचं पान पालथं ठेवलं आणि आडवी झाली. आज दुपारचे दोन वाजले तरी उठली नाही. डॉक्टरीणबाई बघून गेल्या. "दमलीय, झोपू द्या," म्हणाल्या.

मला काही चैन पडेना. तिचा गठ्ठा घेतला आणि कितीतरी वर्षांनी सरळ वाचायला बसले. बाराव्या पानावर सापडलं. त्या झोपेतून सख्ख्या माणसाच्या हाकेनेच जाग येते, आणि तिसऱ्याच हाकेला.

मला मी तपासलेलं शेवटचं पान आठवलं. तिथे 'मोठीने हाक मारली' ही ओळ लागोपाठ तीनदा होती. दोनदा असती तर लेखकाची लकब म्हणून सोडली असती. तिसरी मी लाल शाईने उडवली होती. मूळ हस्तलिखित बघायचाही कंटाळा केला.

छापखान्यात फोन लावला. "ती ओळ परत घाला हो, पाया पडते तुमच्या."

"ताई, ते पान सकाळीच छापलं," फोरमन म्हणाला. "ओळ गेली ते बरंच झालं, पान कसं नीट बसलं."

धाकटीच्या उशाशी जाऊन हाक मारली. तिच्या पापण्या हलल्या. दुसऱ्या हाकेला तिने माझं बोट घट्ट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसंच.

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. आवाज फुटेना. पाणी प्यायले, घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. आत्ता फोनवर चांगली बोलत होते की मी!

बोटावरची तिची पकड हळूहळू सैल होतेय.