एकशे एकेचाळिसावं घर

मी एकतीस वर्षं रेल्वेत डब्यांच्या दिव्यांच्या बॅटऱ्या सांभाळल्या. गाडी यार्डात लागली की डब्याखाली वाकायचं, अ‍ॅसिड मोजायचं, कमी झालेलं डिस्टिल्ड वॉटर भरायचं. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते अशा माणसाच्या घरात झालं.

माझी मुलगी मैत्रेयी इथेच बनारसच्या विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनावर संशोधन करत होती. साल सत्त्याण्णव. कानपूरच्या एका रसायन कंपनीने तिला काम दिलं होतं. ही कंपनी बॅटरीचं अ‍ॅसिड बनवायची. आता जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतल्या शिशाच्या नव्या बनवाव्यात, असा कंपनीचा विचार होता. नवी बॅटरी तीन वर्षांच्या गॅरंटीने द्यायची आणि जुनी परत मागायची.

"पण बाबा, बनारसला इन्व्हर्टरची बॅटरी दीड वर्षात बसते," मैत्रेयी म्हणाली. "मग लोक ती गल्लीतल्या भट्टीवाल्याला देतात. तो अ‍ॅसिड नालीत ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. ती का बसते ते मला सांगता आलं नाही, तर कंपनी योजना गुंडाळेल. माझं कामही गेलं."

एकशे चाळीस घरं फिरली होती ती. बॅटरीत कोणतं पाणी घालता, या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर होतं: शुद्ध. तिने ते डिस्टिल्ड वॉटर समजून लिहून घेतलं होतं.

जेवता जेवता मी तिने भरलेला एक फॉर्म उचलला. मुन्शी घाटाजवळचं घर. 'शुद्ध पाणी, दर सोमवारी, स्नान करून आल्यावर.'

मी कोनाड्याकडे पाहिलं.

प्रभावतीला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. तिचा तांब्याचा लोटा कोनाड्यात तसाच होता. सोमवारी ती बालाजी घाटावर स्नान करून यायची आणि लोट्यातलं गंगाजल फडक्याने गाळून बॅटरीत घालायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच होतो.

"अगं, त्यात क्षार असतात. बाटली आणून ठेवली आहे ना?"

"अहो, बाटलीतलं पाणी कुणी भरलं, कधी भरलं, माहीत आहे? गंगेचं पाणी वर्षभर ठेवा, किडत नाही."

"बॅटरीला काय कळतंय गंगा!"

"तुमच्या रेल्वेच्या बॅटरीला नसेल कळत. ही घरची आहे."

मला वाटलं, चिडवते आहे, पण ऐकेल. दुसरी बॅटरी बसली तेव्हा बाटली उचलून पाहिली. सील तसंच होतं. मी कुणाला बोललो नाही. शेडमधल्यांनी वर्षभर हसून घेतलं असतं. माल खराब निघाला, असं सांगत राहिलो. मैत्रेयीलाही तेच सांगितलं होतं.

आता खरं सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी तीन महिने उन्हात फिरले. आपल्याच घरी विचारलं नाही. म्हटलं, बॅटरीवाल्याच्या घरी काय विचारायचं!"

"चुकलं माझं. पण आईचं नाव त्यात घालू नकोस. लोक हसतील, आणि उत्तर द्यायला ती नाही."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा त्याच घरांत जाऊ लागली. आता विचारायची, पाणी घालता ते भांडं दाखवा. संकठा घाटावरच्या एका आजीबाईंनी लोटा पुढे केला. "बिटिया, इससे शुद्ध कुछ होता है का?" एकशे चाळिसांपैकी शहाण्णव घरांत लोटा निघाला.

विद्यापीठात तिने कंपनीच्या लोकांसमोर हे मांडलं, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. एका साहेबाने कागद उलटेपालटे केले.

"पहली बार में किसी ने नहीं बताया। फिर आपको शक कैसे हुआ?"

"एक घर से पता चला, सर."

"कौन सा घर? फॉर्म तो इसमें है नहीं। कहीं बैठे-बैठे तो नहीं लिख दिया?"

मैत्रेयीने मान खाली घातली. मला दिलेला शब्द पाळत होती. तिची तीन महिन्यांची पायपीट खोटी ठरत होती, तरी पाळत होती.

मी उभा राहिलो. "वह घर मेरा है, साहब। इकतीस साल रेलवे की बैटरी देखी। मेरे ही घर में दो बैटरियाँ गंगाजल से गईं।"

सगळे हसले. साहेबही हसला. "डालता कौन था? आप?"

"मेरी पत्नी, प्रभावती। पूजा समझकर डालती थी। एक सोमवार नहीं चूकी।"

साहेबाचं हसू थांबलं. "एक भी नहीं? हमारे तो डीलर साल भर ढक्कन नहीं खोलते।"

"यही कहना था, सर," मैत्रेयी म्हणाली. आता तिचा आवाज मोकळा होता. "देखभाल तो ये औरतें कर ही रही हैं। सिर्फ पानी बदलना है।" तिने सुचवलं, की यात्रेकरू गंगेचं पाणी भरलेली गंगाजली नेतात तशा सीलबंद डब्यात डिस्टिल्ड वॉटर बॅटरीबरोबरच द्यावं. सील घरच्या बाईने स्वतः फोडावं, म्हणजे कुणी भरलं ही शंका राहणार नाही. पाणी दर सोमवारीच बघावं, आणि गॅरंटीच्या कार्डावर तिचंच नाव असावं. कंपनीने पहिल्या दोन हजार बॅटऱ्यांना हे मान्य केलं.

अहवाल छापून आला तेव्हा तिने तो माझ्या हातात दिला. 'पाहिलेली घरं: एकशे एकेचाळीस.' शेवटचा फॉर्म तिच्या अक्षरात होता. घरमालक: श्रीराम, म्हणजे मी. बॅटरीची देखभाल कोण करतं, यापुढे तिने लिहिलं होतं: प्रभावती.

"करतं नाही, करायची," मी म्हणालो.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली.

मी राहू दिलं. तो अहवाल आता कोनाड्यात लोट्याशेजारी आहे. घरी कुणी आलं की मी तेच पान काढून दाखवतो.