पक्का रंग

थोरलीनं घर सोडलं ते रसायनाच्या नारिंगी खड्यांवरून. दोघी बहिणींचं लोकर रंगवायचं काम. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल चढवायचा धाकटीनं, पण त्याआधी रंग धरावा म्हणून लोकर खड्यांच्या पाण्यात उकळायची ती थोरलीनं. खडे विषारी. थोरलीच्या बोटांना भेगा पडल्या, मागच्या ओढ्यात मासे उलटे तरंगू लागले, तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, बास झालं. तुरटी वापरू."

"तुरटीनं रंग धरत नाही. धरवून दाखव, मग बोल," असं म्हणून थोरली लेकीकडे राहायला गेली. हट्टाच्या बाबतीत दोघी एकाच माळेचे मणी.

सात महिने धाकटी डाळिंबाची सालं आणि तुरटी उकळत राहिली. ओली लड पिळायला समोर कुणी नाही, म्हणून दुसरं टोक दाराच्या कडीत अडकवायची. कडी बिचारी भांडत नाही, एवढीच तिच्यात खोट. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून पुष्कळदा चहावरच भागायचं. रंग धरला की ताई परत येईल, याच आशेवर ती तगून होती. लोकर आपली निमित्ताला.

पण जुनी सवय नडायची. खड्यांच्या वेळी लोकर गरमच बाहेर काढायची, तशी ती आताही काढायची आणि पहिल्याच धुण्यात अर्धा रंग वाहून जायचा. एकदा तापानं ती आडवी झाली आणि लोकर दोन दिवस तुरटीच्या पाण्यातच निवत पडली. उठल्यावर तिनं तीच रंगवली. साबणानं धुतली, तर पाणी नितळ. पुन्हा धुतली, तरी नितळच. "ताई, बघ गं!" म्हणत ती वळली, आणि मग तिथंच ओल्या फरशीवर बसून रडली.

त्यातली एक लड तिनं थोरलीला पाठवली. आठवड्यानं फोन आला.

"धरलाय रंग. जिंकलीस बाई."

"मग कधी येतेस?"

"आता कशाला? खड्यांचं काम माझं, तेच राहिलं नाही. इथं नातवंडांत बरी आहे मी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"ताई, इकडच्या लडींचा रंग थोडा उतरतोय गं. येऊन बघतेस का?"



"खोटं बोलू नकोस," थोरली म्हणाली. "उतरावा, मला यायला निमित्त मिळावं, म्हणून मी चार वेळा धुतली ती लड."