बाबांचे कान

साल एकाहत्तर. शनिवार, दुपारचे सव्वाबारा. दुकानाच्या मागच्या खोलीत बाबा जेवायला बसले होते, आणि पुढे त्यांच्या कामाच्या टेबलापाशी मनी एका रेडिओची पाठ उघडून उभी होती. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात रुमालात धरलेला, बल्बसारखा काचेचा व्हॉल्व्ह.

"मने, आज मीठ द्यायला विसरली वाटतं आई," बाबा आतून म्हणाले.

"वरच्या डब्यात पुडी आहे," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. त्याचं तिला पुढे जन्मभर नवल वाटत राहिलं.

मनी तेव्हा सोळा वर्षांची होती. पावलं न वाजवता चालायची म्हणून मनी. एकुलती एक, आणि जपलेली तर अशी की मैत्रिणीकडे जायचं झालं तर आई बरोबर यायची आणि मैत्रिणीच्या आईशी गप्पा मारत ती निघेपर्यंत बसायची. बाकी वेळ शाळा, घर आणि बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तारांना कथलाचा डाग द्यायला ती आठव्या वर्षी शिकली होती. रविवारी चार ते सहा वाचनालय, एवढीच काय ती मोकळीक.

वाचनालयाच्या मागे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. रविवारी तो बंद असे, आणि मालकाचा पुतण्या, ज्याला सगळे लंब्या म्हणत, तिथे आपल्या रॉक बँडचा सराव घेई. गायला मनीच्याच वर्गातली एक मुलगी होती, दातांच्या डॉक्टरांची. "दहा मिनिटं ऐक आणि जा तुझी पुस्तकं बदलायला," असं म्हणून तिनेच मनीला ओढत नेलं होतं.

मनी दारातच थबकली. ड्रमचा ठोका कानात नव्हे, बरगड्यांत लागत होता. घरात रेडिओसुद्धा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू लावायचे; आणि इथे चार जणं कोणाचीही पर्वा न करता भिंती हलवत होती. पण गिटारच्या अँप्लिफायरमधून एक घरघर येत होती, ती काही तिला सोसवेना.

"याचं अर्थिंग सुटलंय," ती पुटपुटली.

सगळे थांबले. पाच मिनिटांत तिने ती तार जोडून दिली.

"डॉक्टरीणबाई, पुढच्या रविवारी येणार ना?" लंब्याने विचारलं.

येणार ना, असं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. कुठे निघालीस, असंच विचारायचे.

पाच महिने ती जात राहिली. ती गात नव्हती, वाजवत नव्हती. अँप्लिफायरच्या मागे खोक्यावर बसायची, आत लालसर उजळलेले व्हॉल्व्ह बघायची आणि त्या आवाजाला आपला म्हणायची. आणि मग त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला, शनिवारी चार वाजता, कॉलेजच्या सभागृहात. नेमका त्याच आठवड्यात अँप्लिफायरचा मोठा व्हॉल्व्ह दमला. तो तापला की आवाज फाटायचा. बाजारात तसला व्हॉल्व्ह दोन महिने येणार नव्हता. गावात चांगला असा एकच उरला होता, आणि तो बाबांनी कालच मोठ्या बाईंच्या रेडिओत बसवला होता. मोठ्या बाई म्हणजे मनीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या रेडिओ न्यायला सोमवारी येणार होत्या.

तिला तो एका दुपारपुरताच हवा होता. संध्याकाळी परत बसवला की झालं.

अडचण एकच होती. बाबा प्रत्येक व्हॉल्व्ह कानाने पारखत आणि पसंत पडला की त्याच्या काचेवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका देत. आई म्हणायची, "आमच्या घरात नखं रंगवायची चैन फक्त व्हॉल्व्हना." त्या ठिपक्याला गावात मान होता. ठिपका असला की तो रेडिओ दुकानात परत येत नसे. मनीने दमलेला व्हॉल्व्ह रेडिओत बसवला. बाबांनी चुकून पाठ उघडलीच तर दिसू नये म्हणून तीच बाटली घेतली, त्याच काडीने त्याच जागी ठिपका दिला. तिचा हात बाबांच्या हातासारखाच होता. मग डबा उचलून ती निघाली.

"वाचनालयात प्रदर्शन आहे ना तुझं? सावकाश ये," बाबा हात पुसत म्हणाले.

कार्यक्रम कसा झाला हे तिला पन्नास वर्षांनीही सांगता येई. पडद्याआड ती उभी होती आणि तो आवाज मध्ये न फाटता शेवटच्या रांगेपर्यंत गेला. लंब्याने मागे वळून तिच्याकडे बघून कपाळाला हात लावून सलाम केला. तेवढं सुख तिला पुन्हा कशात मिळालं नाही.

साडेसहाला व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून ती दुकानात आली. टेबल मोकळं होतं.

"मोठ्या बाई आजच येऊन गेल्या," बाबा खुशीत सांगत होते. "म्हटलं, घेऊन जा, दहा वर्षं बघायला नको."

सोमवारी बाई रेडिओ घेऊन परत आल्या. रागावल्या नव्हत्या, उलट ओशाळल्यासारख्या झाल्या होत्या. "माझंच काही चुकलं असेल हो. पण अर्ध्या तासाने सगळे घसा बसल्यासारखे बोलायला लागतात."

बाबांनी पाठ उघडली. ठिपका पाहिला. रेडिओ लावला, तापू दिला, आणि कान जाळीला टेकवून बराच वेळ तसेच बसले.

"मने, इकडे ये. तुला कसा वाटतोय?"

"फाटतोय," ती म्हणाली.

"हो ना? मलाही आत्ता वाटतोय. मग शुक्रवारी मला हा चांगला कसा वाटला?" त्यांनी ठिपक्यावरून बोट फिरवलं. "ठिपका तर माझाच आहे."

व्हॉल्व्ह तिच्या दप्तरात होता, चार हातांवर. बाबा, तो ठिपका मी दिलाय. एवढंच बोलायचं होतं. पण मग रविवार गेला असता, कारखाना गेला असता, 'येणार ना' गेलं असतं. ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"वयाने होतं हो असं," बाई हळूच म्हणाल्या. "माझे डोळे नाही का गेले?"

बाबांनी मान डोलावली. त्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्या दिवसापासून त्यांनी एकही ठिपका एकट्याने दिला नाही. "मने, जरा ऐकून सांग," म्हणत. शाळा सुटली की तिची वाट बघत. काम साठायला लागलं तसे तिला म्हणाले, "रविवारी येशील का गं दुकानात? तुझ्या वाचनाचं नुकसान होतं, कळतं मला." ज्या रविवारसाठी ती गप्प बसली होती, तो असा गेला. व्हॉल्व्ह तिने लंब्याला देऊन टाकला. तो म्हणाला, "अगं, पण येत जा." ती परत गेली नाही.

बँड पुढे दीड वर्ष चालला. लंब्या काकांच्या कारखान्यातच चिकटला. खोक्यांचा धंदा त्याने चांगला वाढवला. ड्रमवाला आणि दुसरा गिटारवाला नोकरीला लागले. दातांच्या डॉक्टरांची मुलगी लग्न होऊन लांब गेली, तिकडे लहान मुलांना गाणं शिकवते म्हणे. मोठ्या बाईंनी दोन महिने रेडिओवाचून काढले आणि नंतरही ओळखीच्या सगळ्यांना याच दुकानात पाठवलं. आई गेली तेव्हा मनी तिशीत होती. मनीने लग्न केलं नाही. विचारणारे होते, पण बाबांचं दुकान तिच्या कानांवर चाललं होतं. बाबा गल्ल्याशी बसून पावत्या लिहीत आणि कोणी कामाची तारीफ केली की आत बोट दाखवत: "तिचे कान. माझे कधीच गेले."

ते पंच्याहत्तरीचे झाले तेव्हा तिने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. कागद बघून त्याने पुन्हा एकदा तपासलं.

"आजोबा, चेष्टा करता काय? तिशीतल्या माणसाचे असतात असे कान आहेत."

बाबा हसायला लागले. "मने, यांचं यंत्र बिघडलंय बहुतेक. जरा बघून दे त्यांना."

"यंत्र बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती ठिपक्याच्या त्या वाक्याच्या इतपतच जवळ जाऊ शकली. पुढचं वाक्य तोंडात होतं.

"तू माझीच बाजू घेणार," असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चपला शोधायला वाकले.

बाहेर वळणावर ती आपल्याच विचारात रस्त्यावर उतरली. बाबांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. गाडी अजून वळणाआड होती. ती पुढे येऊन निघून जाईपर्यंत दोघं कडेला उभे राहिले. मग बाबांनीच तिला पलीकडे नेलं.