गाडी झाकायच्या दिवशी

"वायपरला मोजे कशाला घालताय?" दुर्गाबाईंनी पायरीवरनं विचारलं.

"मोजे नाहीत, चिंध्या आहेत," काका म्हणाले. "या उन्हात रबर काचेला चिकटून बसतं. दीड महिन्यानं आल्यावर ओढलं, की तुकडा हातात."

दुर्गाबाई हसून आत वळल्या. थंडीत स्वतःच्या पायात कधी धड मोजे न घालणारा त्यांचा हा नवरा गाडीच्या वायपरला मात्र निगुतीनं चिंध्या गुंडाळत होता, वर एकेक गाठ मारून ती घट्ट बसली का तेही बघत होता.

संध्याकाळी बेंगलोरची गाडी होती. लेक भार्गवी तिथं राहायची. तिच्याकडं थोडे दिवस, मग सगळ्यांनी मिळून उटी, मग परत लेकीकडं. सोलापूरचा उन्हाळा उतरला की यायचं. उटी दुर्गाबाईंनी आजवर फक्त कॅलेंडरवर बघितली होती. त्या चित्रातल्या बाया स्वेटर घालून चहाच्या मळ्यात उभ्या होत्या आणि दुर्गाबाई इकडं ओल्या टॉवेलनं मान पुसत त्यांच्याकडं बघत होत्या. यंदा त्यांनीही स्वेटर घेतला होता, जांभळ्या रंगाचा. दुकानदारानं विचारलंच होतं, मावशी, मे महिन्यात?

तिकिटं काढायची ही काही पहिली वेळ नव्हती. याआधीही काढली होती, आणि दर वेळी रद्द झाली होती. एकदा बॅगा रिक्षात चढल्यावर रद्द झाली होती. कारण दर वेळी तेच असायचं. काकांची गाडी.

काका म्हणजे कमलाकर, एका शाळेच्या ऑफिसातनं निवृत्त झालेले कारकून. घरचे सोडले तर त्यांना नावानं हाक मारणारं गल्लीत कोणी उरलं नव्हतं. त्यांनी नोकरीत असताना जुनी पांढरी मारुती घेतली तेव्हा गल्लीत दुसरी गाडी नव्हती. घेतली तेव्हापासून तिची किल्ली खिडकीशेजारच्या खिळ्याला, हात घातला तर बाहेरनंही निघावी अशी. कुणाच्या छातीत दुखलं, कुणाचं पोर पडलं, कुणाला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला न्यायचंय, की खिडकीशी हाक यायची. काका चप्पल शोधेपर्यंत दुर्गाबाई मागच्या सीटवर जाऊन बसलेल्या असायच्या. मागं बसायचं, अडलेल्या बाईचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि तिच्याशी काहीबाही बोलत राहायचं, हे त्यांचं काम. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग बाळ घरी यायचं. गल्लीत जन्मलेलं प्रत्येक बाळ काकांच्या गाडीतनंच घरी येणार, हा आता रिवाजच झाला होता. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबायची, पुढच्या चाकासमोर नारळ फुटायचा, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला जायचा. मग माणूस चालेल एवढ्याच वेगानं काका गाडी दारापर्यंत आणायचे आणि एकदाच, हळू, हॉर्न वाजवायचे. त्या गाडीतनं आलेलं पोर रात्री रडत नाही, असं बाया म्हणायच्या. काका स्वतः असं कधी म्हणाले नाहीत. पण कुणी म्हटलं तर नाकारायचेही नाहीत.

यंदा समोरच्या घरातली रेश्मा बाळंतपणाला माहेरी आली होती. गोजरबाईची ही धाकटी लेक, केम गावाला दिलेली, पहिलटकरीण. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. ती कळल्यापासून काका घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. तिकीट जरासं पुढं ढकललं तर, असं ते आधी चहा पिताना म्हणाले, मग जेवताना म्हणाले, मग अंथरूण घालताना. तिसऱ्यांदा म्हटल्यावर दुर्गाबाई उशीला अभ्रा घालता घालता शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही राहा. मी जाते."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. सकाळी उठून काकांनी गाडीच्या चाकांत हवा भरून आणली. उभ्या गाडीला थोडी जास्तच लागते म्हणाले. दुर्गाबाईंना कळलं की स्वारी येणार. पण एखाद्या आईनं तान्हं पोर पहिल्यांदाच शेजारणीकडं ठेवून निघावं, तसं हे निघणं असणार होतं.

आणि तसंच झालं. टाकी काठोकाठ भरून झाली. नळाला पाणी येण्याचा दिवस होता, तर पहिल्या दोन बादल्या गाडीला गेल्या. दुर्गाबाईंनी, आधी माणसांच्या आंघोळी होऊ द्या की, म्हणून टोमणा मारून बघितला. धूळ तशीच ठेवून झाकली तर रंग खराब होतो, असं उत्तर आलं. मग हँडब्रेक. तो ओढून ठेवायचा नाही, जाम होतो. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना पुढूनमागून विटा लावायच्या. धुराच्या नळीत उंदीर शिरू नये म्हणून फडक्याचा बोळा. सीटखाली कडुनिंबाचा पाला. मध्येच भार्गवीचा फोन आला. बाबा काय करतात, असं तिनं विचारलं. गाडीची दृष्ट काढायची तेवढी राहिलीय, असं दुर्गाबाई म्हणाल्या, आणि मायलेकी दोन्हीकडं खूप हसल्या.

दुर्गाबाईंचंही आत तेच चाललं होतं म्हणा. पितळेच्या ताटलीत तांदूळ पसरून त्यांनी देव्हाऱ्यातले देव एकेक करून त्यात बसवले. घर बंद राहणार, पूजा नाही, नैवेद्य नाही, तर देव उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना तांदळात ठेवून जायचं, ही त्यांच्या सासूची रीत. हात पुसत आत आलेल्या काकांनी ते बघितलं.

"तुझे तांदळात, माझी पेट्रोलात," ते म्हणाले.

त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा होता. दुर्गाबाईंना वाटलं, जमलं यंदा.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी हलकेच वाजली. गोजरबाई. कधी पुढचं दार सोडून मागनं न येणारी बाई.

"वैनी, पोरीला कळा लागल्यात. पहाटंपास्नं दुखतंय म्हनं, आत्ता सांगती," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आपल्या गल्लीतला रिक्षावाला गुंडा, त्येला रिक्षा आनाया सांगितलीय. काकास्नी कळू देऊ नगा."

"अगं पण..."

"पन न्हाय न् बिन न्हाय. त्ये बसत्याल परत समदं जोडत. आन् मंग तुमचं जानं ऱ्हातंय. लई येळा ऱ्हायलंय वैनी, आमी बगतोय की."

एवढं बोलून ती गेलीसुद्धा. दुर्गाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पुढच्या अंगणात काकांनी बॉनेट उघडलं होतं. बॅटरीची वायर नुकतीच सुटी केलेली, आणि आता डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या ते आत कुठंकुठं अडकवत होते. एक हाक मारली असती तर ते लगेच धावले असते. बाळ गाडीतनं आलं असतं, नारळ फुटला असता, आणि बेंगलोरची गाडी नेहमीसारखी त्यांना न घेताच गेली असती.

गल्लीच्या टोकाला रिक्षाचा आवाज आला. दुर्गाबाई झपझप बाहेर आल्या आणि काकांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, ही बॅटरीची वायर काढायची कशासाठी असते?"

काकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा उजळला की दुर्गाबाईंनी नजर बॅटरीकडं वळवली. एवढ्या वर्षांत त्यांनी या गाडीबद्दल काही म्हणून विचारलं नव्हतं. काका सांगू लागले. गाडी बंद असली तरी थोडी थोडी वीज खात राहते, घड्याळ असतं, आणखी काय काय असतं. वजाकडची वायर आधी सोडायची, अधिकची नंतर. का, ते बोटानं दाखवून सांगितलं. दुर्गाबाई हं हं करत होत्या. काकांच्या पाठीमागं रेश्मा एक हात कमरेवर ठेवून दमादमानं रिक्षाकडं चालली होती. चढताना ती थांबली, दुर्गाबाईंकडं बघून कळवळल्या तोंडानंच हसली, आणि गोजरबाईनं तिला आत घेतलं. आज तिचं डोकं मांडीवर घ्यायला आपण नाही, हे दुर्गाबाईंच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं.

त्यांची नजर जिकडं गेली तिकडं काकांनीही मागं वळून बघितलं. रिक्षा कोपऱ्यावर वळत होती. गोजरबाईचा पदर बाहेर फडफडत होता.

"रेश्मा?"

"हो."

"मला हाक नाही मारली."

"गोजरबाई नको म्हणाली. आणि मीही नाही सांगितलं."

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून सुटी वायर उचलली, जागेवर बसवली, पान्यानं आवळली. बॉनेट लावलं. चाकांच्या विटा पायानं सरकवल्या, नळीतला बोळा ओढून काढला. मग आत बसले आणि किल्ली फिरवली. थंडीच्या दिवसांत नाकदुऱ्या काढायला लावणारी ती गाडी आज पहिल्या झटक्यात चालू झाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून काका समोर बघत बसून राहिले. गाडी जागच्या जागी थरथरत होती.

दुर्गाबाईंच्या मनात आलं, गेली उटी. आणि त्यांना नवल वाटलं, की त्याचं आपल्याला फारसं काही वाटत नाहीये. वाटत होतं ते त्या दोन हातांचं. त्या पुढून वळसा घालून गेल्या, डावीकडचं दार उघडून त्यांच्या शेजारी बसल्या. पुढच्या सीटवरनं गल्ली वेगळीच दिसते, हे त्यांना आज कळत होतं.

"कुठं जायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही," काका म्हणाले. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. दुर्गाबाई घाबरून बघायला लागल्या, तर ते हसत होते.

"गोजरबाईनं बनवलं मला."

"मीपण."

"तू बॅटरीचं विचारलंस, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

मग दोघंही हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकांच्या डोळ्यांतलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, पण दुर्गाबाईंनी तिकडं बघितलं नाही. काकांनी किल्ली उलटी फिरवली. थरथर थांबली. ते उतरले, बॉनेट उघडलं आणि हात मागं केला.

"दहाचा पाना दे."

तो कुठला, हे दुर्गाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन-तीन पाने पुढं केले. काकांनी त्यातला एक उचलला.

दुपारी गुंडानं येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तोवर जुन्या सोलापुरी चादरी जोडून दुर्गाबाईंनी शिवलेलं आवरण गाडीवर चढलं होतं. काकांनी त्याच्या दोऱ्या गाडीखालनं घेऊन बांधल्या होत्या. गाडीवर मोरच मोर दिसत होते.

स्टेशनला निघाले तेही गुंडाच्याच रिक्षानं. वाटेत दवाखान्यात उतरले. रेश्मा गाढ झोपली होती. गोजरबाईनं दुपट्यातलं गाठोडं काकांच्या हातात दिलं. काकांनी ते असं धरलं, की जणू ते जराशा हालचालीनं सांडेल. मुलीनं एक डोळा उघडला आणि मिटला.

"घरी कधी सोडणार?" काकांनी विचारलं.

"परवा-तेरवा म्हनत्यात."

"नेणार कशी?"

"रिक्षानं की," गोजरबाई म्हणाली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती काकांच्या जवळ सरकली. "नारळ मी फोडते. तुमी जावा सुखानं."

काकांनी मान हलवली. बाळ परत दिलं. दुर्गाबाईंनी झोपलेल्या रेश्माच्या कपाळावरचे केस मागं सारले, आणि दोघं बाहेर आले.

रिक्षा सुरू झाल्यावर काका पुढं वाकून गुंडाला सांगायला लागले. बाळाला आणताना गल्लीच्या तोंडाशी थांब. तिथनं पुढं चालत्या माणसाइतकाच वेग. बाळ घेतलेल्या गोजरबाईला मधोमध बसव, कडेला नको. गुंडानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हाईत हाय काका," तो समोरच बघत म्हणाला. "मी बी तुमच्याच गाडीतनं घरी आलोय की. हॉर्न एकदाच मारायचा, हळू."

काका मागं टेकले. मागच्या सीटवर बसायची त्यांना सवय नव्हती. हात आधी मांडीवर ठेवले, मग बॅगेवर, मग दुर्गाबाईंनी त्यातला एक आपल्या हातात घेतला. समोर बस आडवी आली, की काकांचा उजवा पाय आपोआप रिक्षाच्या पत्र्यावर दाबला जायचा. दुर्गाबाई त्या पायाकडं बघत होत्या. पार स्टेशनपर्यंत तो पाय तसाच दाबला जात राहिला, आणि गुंडा दर वेळी नेमका तेव्हाच ब्रेक लावत राहिला.