सगळे तुमचं ऐकतील

व्हायोलिनवाला रोज संध्याकाळी एका हॉटेलात वाजवायचा आणि लोक जेवायचे. डोळे मिटून, अगदी जीव ओतून वाजवायला लागला की शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी त्याला पाणी आणायला सांगायचा. आता तर त्याच्या कोपऱ्यात माशांची टाकी ठेवायचं मॅनेजरच्या मनात होतं. मासे निदान बघायला बरे, असं तो म्हणाला. तोंडावर म्हणाला.

घरी तरी काय वेगळं होतं? हा सरावाला बसला की बायको स्वयंपाकघरात भांडी आपटायची. इतक्या वर्षांत तिने कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. एकदा तरी कुणीतरी आपलं मन लावून ऐकावं, एवढीच गड्याची इच्छा, आणि त्यापायी त्याला घास गोड लागत नव्हता.

अशा माणसाकडे सैतान येणार नाही तर कुणाकडे येणार? आला एका दुपारी. शिंगंबिंगं काही नाहीत. मीटर बघायला माणूस येतो ना, तसा. बायकोने त्याला आधी बूट बाहेर काढायला लावले.

"बोला, काय पाहिजे?" सैतान म्हणाला.

"माझं कुणी ऐकत नाही हो."

"एवढंच? उद्यापासून सगळे तुमचं ऐकतील. चार दिवस बघा. पटलं तर आत्मा द्या, नाहीतर राहिलं."

दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्याने वाजवायला घेतलं. लोक जेवत होते, जेवतच राहिले.

"जरा पाणी आणा," एकजण म्हणाला.

"तुम्हीच उठून घ्या की," हा वैतागून म्हणाला.

तो उठला आणि पाणी घेऊन आला. मग याने मॅनेजरला सांगून पाहिलं, टाकीबिकी आणायची नाही. मॅनेजर म्हणाला, बरं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सैतानाने शब्द पाळला होता, फक्त भलताच अर्थ धरून. आता ऐकायचं म्हणजे कानाने, हे या शहाण्याने आधीच सांगायला नको?

"मी वाजवतोय ते ऐका," तो शेवटी म्हणाला. सगळ्यांनी चमचे खाली ठेवले आणि दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे बसून राहिले. वाजवून झालं, तरी कुणी टाळी वाजवली नाही. टाळ्यांचं याने सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "अगं, जरा इथे बसून ऐक."

ती बसली. एका शब्दात बसलेली बायको त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"कसं वाटलं?" त्याने वाजवून झाल्यावर विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

भांडी आपटणारी परवडली असती.

ठरल्याप्रमाणे चार दिवसांनी सैतान आत्म्याच्या कागदावर सही घ्यायला आला.

"मला नको हे," व्हायोलिनवाला म्हणाला.

"अहो, लोक यासाठी जीव टाकतात. राजेमहाराजे माझ्या मागे..."

"तुम्ही जरा गप्प बसा."

सैतान गप्प बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे म्हणजे सगळेच. त्यातून स्वतःला वगळायचं सैतानाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दिलंत ते परत न्या," व्हायोलिनवाला सावकाश म्हणाला, "आणि पुन्हा या घरात येऊ नका."

सैतान मुकाट्याने उठला आणि गेला.

व्हायोलिनवाल्याने घाम पुसला, व्हायोलिन खांद्याला लावलं आणि आपली नेहमीची धून वाजवायला घेतली. मध्येच त्याला धीर धरवेना.

"अगं, ऐकतेस का?" त्याने आत हाक मारली.

"नाही," आतून बायको म्हणाली. "मला कामं आहेत. आणि ती दुसरी ओळ तुम्ही नेहमी घाईत उरकता. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी."

व्हायोलिनवाल्याला इतका आनंद झाला, की तिसरीही त्याने घाईतच उरकली.