विजेच्या मशीनची अंघोळ

घाटात विजेच्या गाड्या धावायच्या होत्या आणि त्या विजेच्या लोखंडी खांबांना भोकं पाडत होती वाऱ्याची मशीन. लोणावळ्याच्या रेल्वे यार्डातल्या शेडमध्ये याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. कंप्रेसर धडधडायचा, रबरी नळ्या फुगायच्या, आणि हातोडा असो की ड्रिल, सगळं दाबलेल्या हवेवर चालायचं. कंप्रेसर सांभाळायचे कोंडाजीआबा. कामावर त्यांच्याहून म्हातारा कुणी नव्हता आणि त्यांच्याहून तोंडाळही कुणी नव्हता.

हातोड्यावर पहिला मान टाकव्याच्या महिपतीचा. रिबिट, म्हणजे पत्रे जोडायचा तापवलेला खिळा, लाल असेपर्यंत त्याच्या डोक्यावर हातोडा धरून उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही. अंगातलं हाड न् हाड हलतं. कान तर सगळ्यांचेच बसले होते. पण महिपतीचं दुखणं वेगळं होतं आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. हातोड्याच्या हादऱ्यांनी दोन हिवाळ्यांपासून सकाळी त्याची बोटं खडूसारखी पांढरी पडायची. आता तर थंडी नसतानाही ती बधिर असायची. कोपरीचे बंद बायको, नंदाबाई, बांधून द्यायची.

"सायबाला सांगा की," नंदाबाई म्हणायची.

"सांगितलं की घरी बसवत्याल. मंग खायाचं काय, वारा?"

ते तिलाही ठाऊक होतं. सासऱ्यांचं शेत तीन भावांत वाटलं गेलं होतं. वाट्याला आलेल्या तुकड्यात भात व्हायचा तो माघापर्यंतही पुरत नसे.

अशात तळेगावचे ओव्हरसियर दिगंबरराव एक नवी मशीन घेऊन आले. विजेचं ड्रिल. एक वायर जोडली की झालं, नळी नाही की कंप्रेसर नाही. त्यांनी दोन्ही मशीनी शेजारी ठेवून एकाच पत्र्याला भोकं पाडून दाखवली. वाऱ्याची मशीन अडकली की नुसती थांबायची, पुन्हा मागे घेतली की सुरू. विजेची अडकली की तापायची, वास मारायची. वाऱ्याचा जोर रांगडा होता खरा, पण निम्मा वारा नळीच्या फटींतून फुकट जायचा. आणि विजेची मशीन हातोड्यासारखी हादरत नव्हती, हातात हलकीच थरथरायची. महिपतीनं बघितलं ते एवढंच. दिगंबरराव म्हणाले, दसऱ्यानंतर पुन्हा चालवून बघू आणि वरती कळवू. ही पसंत पडली तर इथे भोकांचंच काम राहील, रिबिटांचं मोठ्या कारखान्यात जाईल.

म्हणजे कंप्रेसर बंद, आणि कोंडाजीआबाही.

"इजंचा काय भरवसा?" आबा थुंकून म्हणाले. "डोळ्याला दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई. वारा कसा, फुसफुसला तरी कळतंय कुटं गेला त्ये."

सगळी टोळी आबांच्या बाजूची. महिपती मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, देवा, विजेचीच लागू दे. आबांच्या पोटावर पाय येणार हे त्याला कळत होतं. त्याची लाज वाटायची, तरी मागणं बदलत नव्हतं.

खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे काम बंद. हत्यारं धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. दिगंबरराव सणाला घरी गेले होते. टोळीनं वाऱ्याचे हातोडे घासलेटात बुडवून लख्ख केले, ओळीनं मांडले, नारळ फोडला. विजेची मशीन मात्र खोक्यातच होती.

"तिला कशाला? पाव्हणी हाय ती," आबा म्हणाले.

महिपतीला ते लागलं. पाहुणी म्हणून काय झालं? ज्याच्याकडून भाकरीची आशा करायची त्याला नवमीच्या दिवशी पारोसं ठेवायचं? मंडळी प्रसाद घेऊन पांगल्यावर त्यानं मशीन उचलली, नळावर नेली आणि बेंदराच्या बैलासारखी धुतली. फटीफटीतून पाणी घातलं. कोपरीनं पुसली, कुंकू लावलं आणि तिच्यापुढे हात जोडले. "संभाळ बाई," एवढंच म्हणाला.

दसरा झाल्यावर दिगंबररावांनी वायर जोडली. फट्‌ करून आवाज झाला, फ्यूज उडाला आणि जळका वास शेडभर पसरला. टोळी हसली. आबा तर मांडीवर थाप मारून हसले. "म्या म्हनलं व्हतं की न्हाई?"

दिगंबररावांनी मशीन उलटी केली. पाण्याची धार लागली. तिच्याबरोबर कुंकूही वाहिलं.

गप्प बसलं तर मशीनच कुचकामी ठरत होती, आणि ती ठरली की महिपतीही गेला. "सायेब," तो म्हणाला, "म्या धुतली. नवमी व्हती."

दिगंबररावांचा चेहरा आधी रागानं तांबडा झाला. मग त्यांची नजर झेंडू वाहिलेल्या हातोड्यांकडे गेली. "त्यांची पूजा केलीत आणि हिचीही केलीत. विजेला पाण्याचं वावडं असतं हे मीच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी मशीन उघडली, आतली तार लोहाराच्या भट्टीपासून हातभर अंतरावर टांगली आणि तिथंच ठाण मांडून बसले. ती पुरती वाळायला पुढचा दिवसही गेला. तेवढ्यात आबांनी अख्ख्या यार्डाला अंघोळीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली.

मशीन पुन्हा जोडली तेव्हा दिगंबरराव म्हणाले, "महिपती, तुम्हीच धरा. तुम्ही धुतलीत, तुम्हीच चालवा."

पलीकडे कंप्रेसर धडधडत होता. महिपतीनं मशीन दोन्ही हातांत घेतली, देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले आणि बटण दाबलं. तो वाट बघत राहिला. हाताला काही लागलं नाही. बटण आणखी घट्ट आवळलं, तरी काही नाही.

"मेली, सायेब," तो डोळे न उघडता म्हणाला. "चालत न्हाई. माझ्यापाई मेली."

या वेळी कुणी हसलं नाही. महिपतीच्या मुठीत ड्रिलचं टोक गरगर फिरत होतं आणि सगळी टोळी त्याच्या पांढऱ्या बोटांकडे बघत होती.

कोंडाजीआबांच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. ते उठले, कंप्रेसरपाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला. धडधड थांबली. त्या शांततेत महिपतीच्या बसलेल्या कानांनाही ऐकू आलं, हातातली मशीन घरघरत होती. त्यानं डोळे उघडले. टोक फिरताना दिसलं, आणि मग सगळ्यांची तोंडं दिसली. आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कधीपासून?" दिगंबररावांनी विचारलं.

"दोन हिवाळं झालं," महिपती म्हणाला. आबा पुढे आले. त्यांनी त्याची बोटं बटणावरून एकेक करून सोडवली, आपल्या खरबरीत तळव्यांत धरली आणि चोळायला लागले. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, पण तोंडाळपणा काही सुटला नव्हता.

"बघताय काय, सायेब? वरती लिवा, इजंची पास झाली," ते म्हणाले. "आन्‌ तिच्यावर ह्येलाच ठिवा. माझा वारा त्येच्या हाताला लय लागला."