दुपारचा वारा

वसाहतीच्या मेळ्याची आखणी गेली कित्येक वर्षं विज्ञानाच्या बाईच करत. कोणता स्टॉल कुठे, मांडव कुठे, वायरी कुठून, सगळं त्यांच्या डोक्यात. आणि दरवर्षी मेळा उठला की त्या म्हणत, “सगळं माझ्याच गळ्यात. समिती नुसती नावाला.”

यंदा समितीने ते मनावर घेतलं. अध्यक्ष म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या बैठकीत म्हणाल्या, “बाई, आता तुम्ही जरा दम खा. कामं वाटून घेऊ.” आखणी वसाहतीतल्या चष्म्यांच्या दुकानवाल्याकडे गेली, बाईंच्या वाट्याला पिण्याचं पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, पण घरी येऊन त्यांनी कांदा असा काही चिरला की नवरा स्वयंपाकघराकडे फिरकलाच नाही.

चष्मेवाला त्यांचा जुना विद्यार्थी. मेळ्याच्या आधी तो आखणीचा कागद घेऊन घरी आला.

“बाई, वहीसारखं तपासा. लाल पेनही आणलंय.”

बाईंनी कागद टेबलावर सपाट केला. तळणाचे स्टॉल मैदानालगतच्या तळ्याच्या काठाला लावले होते आणि त्यांच्या मागे वयस्कर लोकांचा मांडव. सकाळी काही बिघडणार नव्हतं. पण ऊन चढलं की मैदानावरची हवा तापून वर जाते आणि तळ्यावरचा वारा आत शिरतो. हे त्यांनीच त्याला वर्गात शिकवलं होतं. सगळा धूर थेट मांडवात जाणार.

एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही. मग मनात आलं, कळू दे की एकदा यांना.

“छान काढलंयस,” त्या म्हणाल्या आणि टोपण न काढताच पेन परत दिलं.

तो गेल्यावर नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, “एकही चूक नाही? माझ्या चहात तर रोज दोन सापडतात तुला.”

बाई चहा टाकायला उठल्या.

मेळ्याच्या सकाळी सगळं झकास चाललं होतं. येणारा जाणारा चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारत होता. पाण्याच्या पिंपापाशी उभ्या बाई पुन्हा पुन्हा तळ्याकडे बघत होत्या. आपण दुपारची वाट बघतोय, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी मान वळवली आणि धुतलेले पेले परत धुवायला घेतले.

जेवणं झाली आणि वारा फिरला.

आधी मांडवाच्या कडेचे लोक खोकले, मग मधले. बघता बघता मांडव रिकामा झाला. पहिल्या रांगेत फक्त चष्मेवाल्याची आई उरली, तोंडाला पदर लावून. बाई पाणी घेऊन धावल्या.

“उठा हो, बाहेर चला.”

“असू दे,” म्हातारी खोकत म्हणाली. “लेकाने मुद्दाम इथे बसवलंय. मी उठले तर त्याला वाईट वाटेल.”

बाईंनी पेला तिच्या हातात दिला. त्या म्हातारीला दंडाला धरून बाहेर आणत होत्या, तोच डॉक्टरीणबाई चष्मेवाल्याला घेऊन तिथे पोचल्या आणि आईसमोरच लेकाला म्हणाल्या, “अहो, डोळे तपासता ना लोकांचे? एवढं दिसलं नाही?”

चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला. “बाईंनाही दाखवलं होतं मी. त्यांच्या लक्षात आलं नाही, तिथे माझ्या काय येणार?”

ही पळवाट होती. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“माझ्या लक्षात आलं होतं,” त्या म्हणाल्या. “कागद पाहिला तेव्हाच.”

“मग बोलला नाहीत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही.”

का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. डॉक्टरीणबाई तळणवाल्यांना चुली बंद करायला सांगायला गेल्या.

चष्मेवाल्याने एक बाक उचलायला घेतला. बाईंनी दुसरं टोक धरलं. त्याने नको म्हटलं नाही, पण एरवी शब्दागणिक ‘बाई’ म्हणणारा तो, एकदाही म्हणाला नाही. फाटकाजवळच्या झाडाखाली त्यांनी बाक ठेवला. म्हातारी बसली आणि बाईंकडे बघून म्हणाली, “इथे नाही ना येणार धूर? तुम्हाला कळतं त्यातलं.”

“नाही येणार,” बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याने आईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग बोट ओलं करून वर धरलं आणि वारा कुठून येतोय ते स्वतःच बघत उभा राहिला.